मनी म्हणजे मन का?

परवा भाचीला घेऊन रामकुंडावर गेले होते. तिथे पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि लोकांनी टाकलेली नाणी वर ओढतात, ते बघत ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत म्हणून चिकटतात, जुनी तांबं-निकेलची चिकटत नाहीत, असं मी तिला सांगत होते, पण तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चालू होतं. सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. एकदम म्हणाली, "मावशी, मनी म्हणजे मन का गं? मनी प्लांट, मनी पर्स, सगळीकडे मन आहे."

मी पटकन म्हटलं, नाही गं, तो इंग्लिश शब्द आहे, आपल्या मनाचा त्याच्याशी काय संबंध. पण मला ते चैन पडू देईना. घरी येऊन शोधायला बसले आणि मग दोन-तीन दिवस त्यातच गेले, कारण जे सापडलं ते फारच भारी होतं आणि शेवटी पोरीचं म्हणणं बरंचसं बरोबर निघालं. तिला समजावलं तसंच इथे लिहिते, म्हणजे कोणालाही कळेल.

तर इंग्लिशमधला 'मनी' हा मूळचा इंग्लिश नाहीच. तो फ्रेंचमधून आला. १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबार, कायदा, पैसा ह्या सगळ्या व्यवहारात फ्रेंच शब्द शिरले, त्यातलाच हा एक. जुन्या फ्रेंचमधे त्याचं रूप साधारण 'मोनेई' असं होतं आणि ते आलं लॅटिनच्या 'मोनेटा' ह्या शब्दावरून. इटलीत नाण्याला आजही मोनेटाच म्हणतात, स्पॅनिशमधे मोनेदा, फ्रेंचमधे मोने, आणि रशियनमधे सुद्धा नाणं म्हणजे मोनेता. एवढ्या भाषांमधे एकच शब्द पसरलाय, तर मग हे मोनेटा काय आहे?

हे आहे एका देवीचं नाव. जुनो ही रोमन लोकांची मोठी देवी, त्यांच्या देवांचा राजा ज्युपिटर ह्याची बायको. तिची वेगवेगळी रूपं आणि त्या त्या रूपाची वेगळी नावं, जशी आपल्याकडे एकाच देवीची सप्तशृंगी, भद्रकाली, रेणुका अशी ठाणी आणि नावं आहेत तसंच काहीसं. त्यातली एक जुनो मोनेटा. रोममधे कॅपिटोलाइन नावाची टेकडी आहे, तिच्या एका शिखरावर हिचं देऊळ होतं. ल्युसिअस फ्युरिअस कामिलस नावाच्या सेनापतीने लढाईत नवस बोलला आणि इसवीसनपूर्व ३४४ मधे ते देऊळ उभं राहिलं. आज त्या शिखरावर सांता मारिया इन आराकोएली नावाचं चर्च आहे.

मग पुढे साधारण इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात रोमन लोकांनी आपली टाकसाळ ह्या देवळाला लागूनच चालवायला घेतली. लिव्ही हा रोमन इतिहासकार त्या जागेचा उल्लेख करताना 'जिथे आता मोनेटाचं देऊळ आणि कारखाना आहे' अशा अर्थाचंच लिहितो. आणि इथे जे झालं ते आपल्याकडे रोज होतं. आपण पत्ता सांगताना देवळाच्या नावानेच सांगतो ना, काळारामाला ये, मुक्तिधामला उतर, आणि तिथे जाऊन देवदर्शन करायचंच असतं असं नाही, तिथे शेजारी काम असतं. तसंच लोक 'मोनेटाला' जायला लागले म्हणजे टाकसाळीत जायला लागले. मग टाकसाळीचंच नाव मोनेटा पडलं, मग टाकसाळीतून निघणाऱ्या नाण्यांचं, आणि शेवटी पैसा ह्या सगळ्या कल्पनेचं. देवी, मग इमारत, मग वस्तू, मग कल्पना, असा शब्द घसरत घसरत पुढे आला.

जागेच्या नावावरून पैशाला नाव पडणं ही काही फक्त रोमची गोष्ट नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातच चांदवडला टाकसाळ होती आणि तिथला रुपया 'चांदोरी' म्हणून ओळखला जायचा. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं आणि पुढे पेशवाईतल्या इथल्या रुपयांवर तेच गुलशनाबाद छापलेलं सापडतं. डॉलर तर सरळ एका दरीच्या नावावरून आलाय. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, योआखिम्सथाल नावाच्या ठिकाणी चांदीच्या खाणी होत्या, तिथलं नाणं ते योआखिम्सथालर, त्याचं तोडून थालर झालं, त्याचा डॉलर झाला. थाल म्हणजे दरी. म्हणजे अमेरिका आज ज्याला डॉलर म्हणते त्याचा अर्थ मुळात 'दरीतला' एवढाच.

आता खरा प्रश्न. त्या देवीला मोनेटा का म्हणायचे? ह्यावर नेटवर सगळीकडे राजहंसांची गोष्ट मिळते. इसवीसनपूर्व ३९० च्या सुमाराला गॉल लोकांनी रोमवर हल्ला केला, रात्री ते गुपचूप टेकडी चढून आले, कुत्रे सुद्धा भुंकले नाहीत, पण जुनोचे पाळलेले हंस ओरडायला लागले, पहारेकरी उठले आणि गड वाचला, म्हणून ती 'इशारा देणारी' जुनो. गोष्ट छान आहे आणि हंसांचा भाग लिव्हीने लिहिलेला सुद्धा आहे, पण नावाचं कारण म्हणून तो ती देत नाही, ही सांगड नंतरच्या लोकांनी घातलीय. नावाचं कारण स्पष्ट सांगतो तो सिसेरो हा रोमन वक्ता आणि लेखक, आणि त्याची गोष्ट वेगळीच आहे. तो म्हणतो की भूकंप झाला तेव्हा गडावरच्या जुनोच्या देवळातून आवाज आला की गाभण डुकरिणीचा बळी द्या, म्हणून त्या जुनोला मोनेटा म्हणायला लागले. तिसरी गोष्ट पार दहाव्या शतकातल्या एका ग्रीक कोशात आहे. पिऱ्हस राजाशी लढताना रोमन लोकांना पैशाची तंगी आली तेव्हा त्यांनी जुनोला कौल लावला, ती म्हणाली न्यायाने लढा, पैसा कमी पडणार नाही. ही गोष्ट पैसा आणि देवी ह्यांची जोडी जमवायलाच नंतर रचलीय असं मला वाटतं, इतकी ती चपखल बसते.

पण पहिल्या दोन गोष्टींच्या मागे एकच शब्द आहे, लॅटिनचं 'मोनेरे' हे क्रियापद. मोनेरे म्हणजे आठवण करून देणे, सावध करणे, इशारा देणे. मोनेटा म्हणजे सावध करणारी, असा अर्थ खुद्द रोमन लोकच लावायचे. आजचे सगळे अभ्यासक ह्याला मान डोलावतात असं नाही, काहींना वाटतं की नाव आणखी जुनं आणि परकं आहे आणि मोनेरेशी त्याचं नातं लोकांनी मागाहून जोडलं. हे लक्षात ठेवून पुढे वाचा. मला मोनेरेवाली वाट पटते, आणि त्याला एक आधार असाही आहे की रोमच्या अगदी सुरुवातीच्या एका कवीने ग्रीकांच्या स्मृतीदेवीचं नाव लॅटिनमधे आणताना मोनेटा हाच शब्द वापरला होता. म्हणजे आठवण आणि मोनेटा ही जोडी त्या काळीसुद्धा लोकांच्या कानाला जुळत होती.

ह्या मोनेरेची पोरंबाळं आपल्या घरात किती आहेत ते बघा. वर्गातला मॉनिटर, बाई बाहेर गेल्या की फळ्यावर नावं लिहून सावध करणारा तो. हॉस्पिटलमधे पेशंटच्या उशाशी असतो तो मॉनिटर, ठोके चुकले की सिस्टरला हाक मारणारा. मॉन्युमेंट म्हणजे स्मारक, आठवण करून देणारी वस्तू, म्हणजे मराठी शब्दात पण स्मर आहे आणि लॅटिन शब्दात पण तेच. कोर्टाचं समन्स, ते पण मोनेरेच, 'सुब' म्हणजे खालून, गुपचूप, असा उपसर्ग लागून बनलेलं, मुळात हळूच आठवण देणं. आणि मॉन्स्टर! दोन तोंडांचं वासरू जन्माला आलं तर रोमन लोक त्याला मॉन्स्ट्रम म्हणायचे, म्हणजे देवाने दिलेला इशारा, अपशकुन, मग अर्थ सरकत सरकत राक्षसापर्यंत गेला. त्याच मॉन्स्ट्रमवरून 'दाखवणे' ह्या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्याच्यातून डेमॉन्स्ट्रेशन, म्हणजे दुकानात मिक्सरचा डेमो देतात तो डेमो. मिक्सरचा डेमो आणि पाकिटातला मनी लांबचे भाऊबंद आहेत हे भाचीला सांगितलं तेव्हा ती जी हसायला लागली ती थांबेचना.

आता मनाकडे येते. मराठीत आपण शिकणे वरून शिकवणे करतो, बसणे वरून बसवणे. स्वतः करायची क्रिया दुसऱ्याकडून करवून घेतली की रूप बदलतं. लॅटिन आणि संस्कृत ह्या दोन्ही भाषा ज्या खूप जुन्या भाषेतून फुटल्या त्या भाषेत सुद्धा हीच युक्ती होती. तिच्यात 'मेन्' असा एक धातू होता, अर्थ विचार करणे, मनात असणे. त्याचं करायला लावणारं रूप घेतलं की 'मनात आणून देणे', आणि तेच लॅटिनमधे मोनेरे होऊन बसलं. संस्कृतात तोच धातू 'मन्' झाला आणि त्याच्यातून आपल्याकडे मन, मत, मति, मनन, मंत्र, मानणे असं गोकुळ आलं. इंग्लिशमधलं माइंड त्याच धातूचं, मेंटल पण त्याचंच. तेव्हा मोनेटा जर मोनेरेवरून आली असेल तर इंग्लिशचा मनी आणि आपलं मन हे एकाच खापरपणजीची लेकरं आहेत. सरळ बाप-लेक नाहीत, मन वरून मनी झाला असं कोणी म्हटलं तर ते चूक, पण रक्त एक आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण व्हॉट्सअॅपवर 'अमका इंग्लिश शब्द आपल्या संस्कृतातून चोरला' असल्या याद्या फिरतात आणि त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या आवाज जुळतो म्हणून केलेल्या असतात. आवाज जुळला म्हणजे नातं असतंच असं नाही. मॉन्सून घ्या, तो सुद्धा मॉन वरूनच सुरू होतो, पण तो अरबी 'मौसिम' वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्लिशमधे गेलाय, आपला मोसम तोच. मोनेटाशी त्याचा काही संबंध नाही. आणि उलट, पशु आणि इंग्लिशची 'फी' ऐकायला काही जुळत नाहीत पण नातं आहे. लॅटिनमधे पैशाला रोजच्या वापरात 'पेकुनिया' म्हणायचे, ते 'पेकुस' म्हणजे गुरंढोरं ह्यावरून. पेकुस आणि संस्कृत पशु सख्खे चुलतभाऊ आहेत, आणि 'फी' पण त्याच कुळातली मानतात, जुन्या इंग्लिशमधे त्या शब्दाचा अर्थ गुरं असाच होता. आपण अजून पशुधन म्हणतोच की. शाळेची फी भरताना आता मला गोठाच डोळ्यासमोर येतो.

आणि मिंट. पुदिन्याचा मिंट वेगळा, तो लॅटिनच्या 'मेंता' वरून आला, वनस्पतीचं नाव आहे ते. टाकसाळीचा मिंट मात्र मोनेटाच आहे. तो फ्रेंचमधून आला नाही, त्याच्या शेकडो वर्षं आधी, रोमन लोकांशी व्यापार करणाऱ्या जर्मन टोळ्यांनी मोनेटा शब्द उचलला, जर्मनमधे त्याचं म्युन्त्से झालं आणि जुन्या इंग्लिशमधे मिनेट. तेव्हा त्याचा अर्थ नाणं, नाणी पाडायची जागा हा अर्थ नंतरचा. मग फ्रेंचवाला मनी आला तेव्हा हा आधीच तिथे बसलेला होता. एकच शब्द दोन वेळा, दोन वेगळ्या दरवाज्यांनी आत आला. आपल्याकडे चक्र आणि चाक, क्षेत्र आणि शेत असे जोडीने नांदतात, अगदी तसं.

मिंटवरून नाशिकबद्दल एक गैरसमज दूर करते. माझे बाबा प्रेसमधे होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेसमधे आहेत' एवढं म्हटलं की पुरतं, कुठल्या प्रेसमधे हे कोणी विचारत नाही. लहानपणी बाहेरगावचे पाहुणे हमखास म्हणायचे, तुमच्याकडे काय, टाकसाळच आहे. ते बरोबर नाही. नाशिकरोडला नाणी पडत नाहीत, तिथे छापखाने आहेत. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट असली कामं तिथली. करन्सी नोट प्रेस १९२८ ची, आणि तिथे छापलेली पहिली नोट पाच रुपयांची होती. त्याच्या आधी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेत छापून जहाजाने यायच्या. नाणी पाडायच्या सरकारी टाकसाळी आज चार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. घरातलं कुठलंही नाणं घ्या आणि सालाच्या खाली बघा, पत्त्यातल्या चौकटीसारखी छोटी खूण असेल तर मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, नुसता ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आम्ही दोघींनी देवघरातला सुट्ट्या पैशांचा डबा पालथा करून तासभर हेच केलं.

टाकसाळ हा आपला शब्द मोनेटापेक्षा सरळ आहे, टंकशाला, टंक पाडायची शाळा. टंक म्हणजे दगड फोडायची टाकी सुद्धा, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो ती, आणि टंक म्हणजे ठसा मारलेलं चांदीचं नाणं सुद्धा. बांगलादेशचा टका तोच, आपला टक्का पण त्याच घरातला. रुपया सुद्धा ठशाचाच शब्द आहे. पाणिनीच्या व्याकरणात एक सूत्र आहे ज्यात 'रूप' ह्या शब्दाला प्रत्यय लागून 'रूप्य' होतो आणि त्याचा एक अर्थ 'आहत', म्हणजे ठोकून रूप उमटवलेलं. म्हणजे दिल्लीत शेरशहा सूरने सोळाव्या शतकात रुपया पाडला त्याच्या दोन हजार वर्षं आधीच्या व्याकरणात ह्या शब्दाची जात नोंदवलेली आहे.

मला हे फार आवडलं की आपले शब्द नाणं कसं बनतं ते सांगतात, ठोका, ठसा, रूप, आणि रोमचा शब्द नाणं कोणाच्या दारात बनतं ते सांगतो. इसवीसनपूर्व ४६ मधलं टायटस कारिसिअस नावाच्या अधिकाऱ्याचं एक चांदीचं नाणं आहे, त्यावर ह्या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. एका बाजूला मोनेटा देवीचा चेहरा आणि तिचं नाव, दुसऱ्या बाजूला ऐरण, हातोडा आणि सांडशी. फोटो मिळाला तर नक्की बघा.

ते चांदीचं नाणं म्हणजे देनारिअस. रोमन लोकांनी ते इसवीसनपूर्व २११ च्या सुमाराला सुरू केलं, पुढे समुद्रमार्गे रोमचा पैसा आपल्या किनाऱ्यावर आला आणि शब्द संस्कृतात शिरला, गुप्तांच्या काळातल्या लेखांमधे सोन्याच्या नाण्याला दीनार म्हटलंय. कुवेतचा दिनार, इराकचा दिनार, सगळे त्याचेच. इंग्लंडमधे १९७१ पर्यंत पेनी हे नाणं लिहिताना 'डी' हे अक्षर लिहायचे, ते पण देनारिअसचं. आणि दाम, दमडी हे ग्रीकांच्या द्राख्मावरून द्रम्म होऊन आलेले. चमडी जाय पर दमडी न जाय म्हणताना आपण ग्रीक बोलत असतो.

हे सगळं झाल्यावर रविवारी भाचीला पांडवलेणीला घेऊन गेले, कारण पैशाचं बोलणं तिथल्या दगडावर कोरलेलं आहे आणि ते आपल्या गावात असून बघितलं नाही तर मग काय उपयोग. दहा नंबरचं लेणं नहपान ह्या क्षत्रप राजाच्या जावयाचं, उषवदाताचं. हा नहपान म्हणजे ज्याची चांदीची नाणी १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला एकदम तेरा हजारांच्या वर सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य जिंकलं, पैसा वितळवला नाही, राजाच्या चेहऱ्यावरच आपला डोंगर आणि आपलं चिन्ह ठोकून तोच चालवला. त्या नाण्यांवर ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिप्या आहेत. अशी नाणी जवळून बघायची आवड असेल तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्थाच उभी राहिलीय, १९८० च्या दशकातली.

लेण्यातला लेख ब्राह्मीत आहे, आम्हाला काही तो वाचता आला नाही, भाषांतर मी लिहून नेलं होतं. उषवदात म्हणतो की त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली, लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी. ते पैसे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, कायमचे ठेवले, गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडच्या पुढचं आपलं गोवर्धन. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात, तिथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, फळ्यावर नोंदवलं, रीतीप्रमाणे केलं, असंही त्यात लिहिलंय. आठवण राहावी म्हणून दगडात कोरलं ते वेगळंच. मोनेरेचे दोन्ही अर्थ, मनी आणि मॉन्युमेंट, एकाच भिंतीवर.

भाचीने तिथेच व्हरांड्यात बसून वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा. मग वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "मावशी, बरोब्बर दोनशे चाळीस. एक पण उरत नाही."